११२ पॅनेल आणि एक पिशवी

मार्च २०२२ चा शेवटचा आठवडा. जत तालुक्यातल्या एका डाळिंबवाल्याचा फोन आला. बोअरचं पाणी तुटलं की आम्ही बनवलेलं पंपाचं पॅनेल मोटर बंद करतं, इथपर्यंत ठीक होतं. पण पाणी पुन्हा साठायला २० तास थांब असं मेनूत भरलेलं असताना पॅनेल दोन तासांच्या आत मोटर परत लावत होतं. "ओ साहेब, मोटर कोरडी फिरतीया. जळली तर भरून कोण देणार?"

चूक सापडायला अर्धा तास पुरला. थांबायची वेळ आम्ही सेकंदांत मोजत होतो आणि तो आकडा ठेवायला सोळा बिटांची जागा दिली होती. सोळा बिटांत ६५,५३५ च्या वर काही मावत नाही. ते झाले १८ तास १२ मिनिटं १५ सेकंद. २० तासांचे ७२,००० सेकंद त्यात कोंबले की वरचा भाग गळून पडतो आणि उरतात ६,४६४. म्हणजे १ तास ४७ मिनिटं ४४ सेकंद. शेतकऱ्यानं मोबाईलवर घड्याळ लावून सांगितलेली वेळ अगदी हीच होती. मेनू मात्र २४ पर्यंतचा कुठलाही आकडा निमूटपणे घेत होता. आमच्या कुपवाडच्या शेडमध्ये तपासणी करताना दोन तासांपलीकडे थांबायचा धीर कुणाला नव्हता, त्यामुळे ही चूक आमच्या डोळ्यांपुढे कधी आलीच नाही. उन्हाळ्यात बोअर खोल गेली आणि शेतकऱ्यांनी आकडे वाढवले, तेव्हा ती वर आली.

पॅनेल म्हणजे पंपाचा मोबाईल ऑटो स्टार्टर. शेतीच्या फीडरला तेव्हा आठ तास लाईट, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री; ती आली की मोटर आपोआप लावायची, फेज गेली की पाडायची, करंट घसरला की पाणी संपलं असं समजून थांबायचं, आणि मालकाला फोनवर कळवायचं. आत मेंदू म्हणून मायक्रोचिप कंपनीचा पिक १६एफ८८७ हा मायक्रोकंट्रोलर. लाईट गेली तरी घड्याळ चालत राहावं म्हणून १२ व्होल्टची छोटी सीलबंद बॅटरी. अशी ११२ पॅनेल जत, कवठेमहांकाळ, सांगोला, मंगळवेढा या पट्ट्यात बसलेली होती.

पहिला उपाय फुकटचा होता आणि तो त्याच दिवशी केला. सगळ्यांना फोन: १८ तासांच्या वर आकडा ठेवू नका. पण ज्याच्या नावावर पॅनेल तो पुण्याला, शेत वाट्यानं दिलेलं, वाटेकरी म्हणतो मला मेनू कळत नाही. पाचशे फुटांवरून मोटर उपसायची, रिवाइंडिंग करायचं, परत सोडायची. यात शेतकऱ्याचे आठ दिवस आणि बाग दोन्ही जातात. त्यामुळे प्रोग्राम बदलायचाच, हे ठरलं. कुणी विचारेल, पॅनेलमध्ये सिमकार्ड आहेच तर हवेतूनच का नाही पाठवला? कारण आम्ही चिपमध्ये बूटलोडर, म्हणजे नवा प्रोग्राम आत घेणारा छोटा प्रोग्राम, ठेवलेला नव्हता. चिपमध्ये सगळी मिळून ८ हजार शब्दांची जागा, त्यातली बरीचशी भरलेली. ही आमचीच दुसरी चूक, आणि ती फोनवरून दुरुस्त होणारी नव्हती.

म्हणजे शेतात जाऊन, बोर्डावर बसलेल्या चिपमध्येच प्रोग्राम टाकायचा. कशानं?

टूलची यादी

आमच्याकडे तेव्हा शेडमध्ये एक लॅपटॉप आणि एक पिकिट ३, म्हणजे चिपमध्ये प्रोग्राम भरायचं मायक्रोचिपचंच टूल, होता. पहिला विचार अर्थातच तोच: दोन्ही पिशवीत घाला आणि निघा. आमच्या कंपनीच्या मालकांचं म्हणणं होतं, उगाच खर्च कशाला. मला अडचण दिसत होती ती माणसाची. जाणारा आमचा टेक्निशियन आयटीआय झालेला, आधी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात असलेला, हात सोन्याचा. पण प्रोग्रामिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चुकीची खूण पडली तर ते त्याला कळणार नव्हतं, आणि कळायची अपेक्षा ठेवणंही बरं नव्हतं. त्यात लॅपटॉपची बॅटरी पाऊण तासाची, एप्रिलच्या उन्हात पडद्यावर काही दिसत नाही, आणि मोटारसायकलवरून रोज शंभरेक किलोमीटर. लॅपटॉपचं आणखी एक कारण आहे, ते पुढे येईल. खरं तर तेच सगळ्यात मोठं.

मग लॅपटॉपशिवाय चालणारी टूल. मायक्रोचिपच्या पिकिट मालिकेत 'प्रोग्रामर टू गो' नावाची सोय पिकिट २ पासून आहे: शेडमध्ये एकदा प्रोग्राम आणि सगळ्या सेटिंग टूलच्या पोटात भरायच्या, मग बाहेर त्याला फक्त यूएसबीची वीज द्यायची, बटण दाबायचं, दिव्यावरून पास की फेल ते बघायचं. पिकिट ४ मध्ये हे मायक्रोएसडी कार्डावर होतं. कार्ड बदललं की प्रोग्राम बदलला, ही गोष्ट टेक्निशियनला समजावून सांगावीच लागत नाही.

स्नॅप नावाचं त्याच कंपनीचं स्वस्त टूल एकानं सुचवलं. ते आमच्या कामाचं नव्हतं, आणि का नव्हतं हे सांगण्यासारखं आहे. पिकमध्ये प्रोग्राम टाकायला पाच तारा लागतात: व्हीपीपी, व्हीडीडी (चिपची वीज), ग्राउंड, डेटा आणि क्लॉक. यातली व्हीपीपी म्हणजे एमसीएलआर या रिसेटच्या पायावर द्यायचं चढं व्होल्टेज. १६एफ८८७ ला ते दहा व्होल्टच्या वर लागतं. या चिपला कमी व्होल्टेजवरही प्रोग्राम टाकता येतो, पण त्यासाठी एलव्हीपीचं (कमी व्होल्टेजवर प्रोग्राम घ्यायचं) बिट चालू असावं लागतं आणि आरबी३ हा पाय मोकळा. आम्ही तो पाय रिलेला दिलेला, बिट बंद केलेलं. बंद केलेलं हे बिट पुन्हा चालू करायचं तर चढं व्होल्टेजच लागतं. स्नॅप चढं व्होल्टेज देत नाही, बोर्डाला वीजही देत नाही. संपलं.

प्रॉडक्शनसाठी बनवलेली हातात धरायची टूलही पाहिली. सॉफ्टलॉगचं पोर्टेबल पिकला चालतं. सेगरचा फ्लॅशर पोर्टेबल स्वतःच्या बॅटरीवर चालतो आणि आर्म कुळातल्या चिपसाठी मी तोच घेतला असता, पण आमची चिप त्या कुळातली नाही. अशा टूलमध्ये किती चिप भरायच्या याचा आकडा बांधून देता येतो, नोंद राहते, प्रोग्राम चोरीला जायची भीती कमी. मालकांना हे शेवटचं फार आवडलं. मग त्यांनी किंमत विचारली आणि माल यायला किती आठवडे ते विचारलं, आणि विषय तिथेच थांबला. एप्रिल संपायच्या आत काम उरकायचं होतं.

एका मित्रानं स्वतःच बनवायचा सल्ला दिला. आर्डुइनो, १२ व्होल्टचा बूस्टर, दोन ट्रान्झिस्टर. जमलं असतं. पण आमच्या एका चुकीमुळे शेतात जायचं असताना, दुसरी न तपासलेली वस्तू बरोबर न्यायची माझी तयारी नव्हती.

पिकिट ४ मागवला. दोन कार्डं घेतली.

पहिला दिवस, चार फेल

पहिल्या दिवशी मी बरोबर गेलो. कवठेमहांकाळच्या बाजूला, द्राक्षबागा. नऊ पॅनेल उघडली, पाच झाली, चार नाहीत. गंमत म्हणजे टूलची चूक त्यात एकदाही नव्हती.

पहिलं फेल: टूलला वीज द्यायला पॉवर बँक नेली होती. टूल रिकामं बसलेलं असताना इतका कमी करंट घेतं की पॉवर बँकेला वाटतं मोबाईल चार्ज झाला, आणि ती स्वतःहून बंद होते. टेक्निशियन बोर्डावरचे पॅड (पिना टेकवायच्या धातूच्या जागा) साफ करून, पिना टेकवून, बटण दाबायला जातो तोवर टूल मेलेलं. घाईघाईनं परत चालू करताना पिना सरकल्या.

दुसरं फेल जास्त शिकवणारं. बोर्डाला वीज टूलमधूनच द्यायची असं आम्ही कार्डात भरून ठेवलं होतं, म्हणजे बाहेरून काही जोडायलाच नको. पिकिट ४ बोर्डाला जास्तीत जास्त ५० मिलिअँपिअर देतो. चिपला त्याहून खूप कमी लागतात, पण त्याच ५ व्होल्टच्या लायनीवर डिस्प्लेचा बॅकलाईट, ऑप्टोकपलर आणि रेग्युलेटरच्या तोंडाशी बसलेले मोठे कपॅसिटर. मीटर लावला तर ४.२ व्होल्ट. चालायला चिपला ४.२ भरपूर होतात. पण १६एफ८८७ संपूर्ण पुसायला, म्हणजे बल्क इरेज करायला, किमान ४.५ लागतात. कोड प्रोटेक्ट केलेली, म्हणजे आतला प्रोग्राम कुणी वाचू नये म्हणून कुलूप लावलेली, चिप तर आधी संपूर्ण पुसल्याशिवाय नवा प्रोग्राम घेतच नाही. त्यामुळे चिप जिवंत दिसते, ओळख सांगते, आणि पुसायची वेळ आली की हात वर करते. शेडमध्ये हे दिसलं नाही, कारण तिथे टेबलावर आम्ही डिस्प्ले न लावताच बोर्ड तपासला होता.

उरलेल्या दोन फेलचं कारण रात्री शेडमध्ये कळलं. एमसीएलआरच्या पायावर आम्ही १० किलोओहमचा पुलअप रेझिस्टर आणि १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर सरळ ग्राउंडला लावला होता. का, तर शेजारी कॉन्टॅक्टर (मोटर लावणारा मोठा स्विच) पडतो-उठतो, त्याच्या ठिणगीनं चिप रिसेट होऊ नये. पण प्रोग्रामिंगमध्ये शिरताना याच पायावरचं व्होल्टेज झटक्यात वर जावं लागतं, मायक्रोसेकंदाच्या हिशोबात. हा कपॅसिटर ते ओढून धरतो. एखाद्या बोर्डावर जमतं, एखाद्यावर नाही. या पायावर नुसता कपॅसिटर नको, डेटा-क्लॉकवर कपॅसिटर नको, पुलअप नको, डायोड नको, हे मायक्रोचिपच्या आयसीएसपीच्या, म्हणजे बोर्डावर बसलेल्या चिपमध्येच प्रोग्राम भरायच्या, सूचनांमध्ये चित्रासकट दिलेलं असतं. आम्ही ते वाचलं नव्हतं असं नाही. आम्हाला त्याची गरज पडली नव्हती: चिप आम्ही बोर्डावर लावायच्या आधी, अडॅप्टरच्या सॉकेटमध्ये ठेवून भरत होतो. बोर्डावरचे पाच पॅड डिझाइनमध्ये होते म्हणून होते. दोन वर्षांत त्यांना कुणी एकदाही हात लावला नव्हता, आणि वरून लॅकर मारलेलं होतं.

त्या रात्री मी कागदावर टूलच्या गुणांची यादी काढायला बसलो होतो. ती बाजूला ठेवली आणि पॅनेलच्या पोटात काय काय आहे याची यादी काढली. पुढची सगळी निवड तिच्यावरून झाली.

पिशवी

पॉवर बँक काढून टाकली. तिच्या जागी १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी, यूपीएसमध्ये असते तसली. वजन दोन-सव्वादोन किलो, पण मोटारसायकलच्या डिकीत काय फरक पडतो. तिच्यावर गाडीत वापरतात तसला यूएसबी चार्जर. तो स्वतःहून बंद पडत नाही. त्याच बॅटरीवर १२ व्होल्टचं सोल्डरिंग आयर्न. आणि त्याच बॅटरीची तिसरी जोडी, मगरचिमट्यांची, बोर्डाच्या बॅटरीच्या जागी लावायला.

कारण बोर्डाला वीज टूलमधून द्यायची नाही, हे आता पक्कं झालं होतं. पॅनेलची स्वतःची बॅटरी जिवंत असेल तर तिच्यावर, मेली असेल तर पिशवीतल्या बॅटरीवर बोर्ड चालू ठेवायचा. रेग्युलेटरमधून नेमके ५ व्होल्ट मिळतात, बॅकलाईट असो नसो. टूलची व्हीडीडीची तार तेव्हा फक्त बघते, देत नाही. कार्डातल्या सेटिंगमध्ये टूलकडून वीज देणं बंद करायचं विसरलं तर दोन्हीकडून वीज येऊन भांडण होतं, म्हणून ती खूण मी स्वतः दोनदा तपासली.

कपॅसिटरचं काय करायचं यावर आमच्यात वाद झाला. मालक म्हणाले, कापून टाका. कापला तर प्रोग्राम जातो, पण पावसाळ्यात कॉन्टॅक्टर थरथरला की पॅनेल रिसेट होणार आणि आपण परत शेतात. टेक्निशियन म्हणाला, "एक बाजू उचलतो, काम झालं की परत टेकवतो. मोबाईलमध्ये याच्याहून बारीक असतात." त्याला प्रत्येकी तीन-चार मिनिटं लागत. दुसरा कुणी असता तर मी हे करू दिलं नसतं. पॅड उखडले असते. सोल्डरिंग आयर्न पिशवीत गेलं ते जाणाऱ्याचा हात बघून.

पॅडसाठी पोगो पिनांचा चिमटा केला, कपडे वाळत घालतात तसा, एका जबड्यात पाच स्प्रिंगवाल्या पिना. टोकं शंकूसारखी, म्हणजे भोकात बसतात. लॅकर खरवडायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना दात घासायचा ब्रश. टूलपासून चिमट्यापर्यंतची तार १५ सेंटिमीटरच्या आत, क्लॉक आणि डेटाच्या मध्ये ग्राउंडची तार. पहिल्या दिवशी आम्ही दीड फुटाची नेली होती, पॅनेलच्या दारावर टूल ठेवता यावं म्हणून. सोयीची होती, पण क्लॉकची धार डेटावर उमटत होती.

लॅपटॉप का नाही

आता ते राहिलेलं कारण. ११२ पैकी २३ पॅनेल सिंगल फेजची. त्यात व्होल्टेज मोजायला आम्ही ट्रान्सफॉर्मर न लावता रेझिस्टरांची माळ लावली होती, आणि बोर्डाचं ग्राउंड सरळ न्यूट्रलला. कागदावर न्यूट्रल म्हणजे शून्य. शेतात फेज आणि न्यूट्रल कुठल्या खांबावर अदलाबदल झालेत ते वायरमनलाही तिथे जाऊनच कळतं. अदलाबदल झालेली असेल तर बोर्डाच्या ग्राउंडवर २३० व्होल्ट उभे असतात. टूलचं ग्राउंड तेच, यूएसबीचं ग्राउंड तेच, लॅपटॉपचं ग्राउंड तेच. चार्जर तीन पिनांचा असेल तर त्याची अर्थिंग जमिनीला. फेज त्या वाटेनं सरळ जमिनीत जाते, आणि वाटेत लॅपटॉप असतो. चार्जर नसेल तर ती वाट धरणारा हात असू शकतो.

एमसीबी पाडला की झालं, असं म्हणून चालत नाही. बऱ्याच ठिकाणी एमसीबी एकाच पोलचा असतो. तारा उलट्या असतील तर तो न्यूट्रल तोडतो आणि फेज बोर्डावर तशीच राहते. म्हणून नियम असा केला: आधी मेन स्विच खाली, मग बोर्डाला येणारं कनेक्टरच उपसून बाहेर, मग टेस्टर, आणि त्यानंतर चिमटा. कनेक्टर टेक्निशियनच्या खिशात ठेवायचा. लाईट आलीच तर पॅनेल कुणी दुसऱ्यानं चालू करू नये. ऑटो स्टार्टर आहे तो, लाईट आली की मोटर ओढतोच. बॅटरीवर चालणाऱ्या, जमिनीशी कसलाच संबंध नसलेल्या टूलचा मोठा फायदा हाच, पण त्यावर विसंबून कनेक्टर जागेवर ठेवायचा नाही. तरंगतं टूल जळत नाही. हात लावणारा भाजतो.

३१ जुनी पॅनेल आणि आयसी पुलर

सगळ्यात आधीची ३१ पॅनेल वेगळी होती. त्यात तीच चिप, पण चाळीस पायांची, सॉकेटमध्ये बसलेली. शिवाय त्या बोर्डावर एमसीएलआरचा पाय आम्ही फ्लोट स्विचला दिला होता, म्हणजे चिपचा रिसेट आतून बंद. अशा चिपमध्ये शिरायचं तर आधी व्हीपीपी आणि मग व्हीडीडी असा क्रम लागतो. नाहीतर चिपमधला जुना प्रोग्राम धावायला लागतो आणि क्लॉक-डेटाचे पाय स्वतःच हलवत बसतो. हा क्रम साधायचा तर वीज टूलकडेच हवी, आणि वीज टूलकडे दिली की परत ते ४.२ व्होल्ट.

दोन दिवस मी यावर डोकं खाजवलं. मग टेक्निशियननं विचारलं, "सर, चिप सॉकेटातच आहे ना? मग काढून दुसरी लावू की."

तेवढंच होतं ते. मला पोर्टेबल टूल शोधायचा नाद लागला होता, आणि त्या ३१ पॅनेलसाठी सगळ्यात पोर्टेबल टूल म्हणजे तीस-चाळीस रुपयांचा आयसी पुलर, म्हणजे सॉकेटातून चिप उपसायचा चिमटा, होता. अडचण एकच: २०२२ मध्ये चिपची टंचाई, ३१ नव्या चिप कुठून आणायच्या. म्हणून शेडमध्ये पडलेल्या आठ चिप भरून दिल्या. तो रोज जास्तीत जास्त आठ पॅनेलमधल्या चिप बदलायचा, काढलेल्या परत आणायचा, आणि रात्री त्या शेडमध्ये सॉकेटमध्ये ठेवून नव्या प्रोग्रामनं भरायच्या. दुसऱ्या दिवशी त्याच चिप दुसऱ्या शेतात. चार फेऱ्यांत ती ३१ संपली. सॉकेटचे पाय काळे पडलेले असत, त्यांना कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा लागे, एवढंच.

चिप बदलल्यावर ईईप्रॉममधलं, म्हणजे चिपमध्ये सेटिंग साठवायच्या जागेतलं, सगळं जातं: ड्राय रनचा (पाणी संपलं असं समजायचा) करंट, थांबायचे तास, मालकाचे मोबाईल नंबर. उरलेल्या ८१ पॅनेलमध्ये हा प्रश्न आला नाही, कारण तिथे आम्ही फक्त कोड प्रोटेक्ट केला होता, डेटा नाही. त्यामुळे प्रोग्राम पुसला तरी ईईप्रॉम जागेवर राहतं, फक्त टूलला त्या भागाला हात लावू नको असं सांगायचं. जुन्या पॅनेलसाठी दोनशे पानी वही केली. चिप काढायच्या आधी डिस्प्लेवरून सगळं उतरवून घ्यायचं, नंतर परत भरायचं. करंट मोजायच्या सीटीचा कॅलिब्रेशनचा आकडा मेनूत दिसत नाही, तो क्लॅम्प मीटर लावून पुन्हा जुळवायचा. ज्या दिवशी लाईट रात्रीची असेल त्या दिवशी टेक्निशियन रात्री थांबायचा. एका ठिकाणी आजींनी त्याला पिठलं-भाकरी वाढली आणि वर विचारलं, "बाळा, ह्या किड्यात एवढं काय असतंय?"

हिरवा दिवा

८१ पैकी ५८ थ्री फेज, २३ सिंगल फेज. बोर्ड एकच, चिप एकच, प्रोग्राम दोन. दोन कार्डं: थ्री फेजच्या कार्डावर लाल नेलपॉलिशचा ठिपका, सिंगलवर काही नाही. पॅनेलच्या दारावर आमचं लेबल असतंच. दार बघा, कार्ड घाला.

तिसऱ्या आठवड्यात सांगोल्याहून फोन. प्रोग्राम टाकला, हिरवा दिवा आला, पण पॅनेल 'फेज फेल' दाखवतं आणि मोटर लावत नाही. दोन भावांची दोन शेतं, शेजारी शेजारी. वर्षापूर्वी एकाच्या पॅनेलचं दार गंजलं म्हणून त्यांनी आपसात अदलाबदल केली होती. दार थ्री फेजचं, पोट सिंगलचं. टेक्निशियननं दार बघून लाल कार्ड घातलं होतं.

टूलनं त्याचं काम चोख केलं होतं. त्यानं चिपची ओळख वाचली; ती दोन्ही बोर्डांत सारखीच. मग पुसलं, भरलं, भरलेलं परत वाचून कार्डाशी ताडून पाहिलं, आणि पास म्हणालं. चिपमध्ये गेलेला प्रोग्राम कार्डावरच्या प्रोग्रामसारखाच आहे, हिरव्या दिव्याचा अर्थ एवढाच. तो या बोर्डासाठी आहे की नाही ते टूलला माहीत नसतं, कितीही महागाचं घ्या. २०२३ मध्ये पिकिट ५ आला, त्यात ब्लूटूथवरून मोबाईलवरच कुठला प्रोग्राम टाकायचा ते निवडता येतं, कार्डं बदलावी लागत नाहीत. पण निवडणारा दारच बघणार.

आम्ही सुदैवी म्हणायचे. सिंगल फेजच्या बोर्डात थ्री फेजचा प्रोग्राम गेला तर तो उरलेल्या दोन फेज नाहीत म्हणून मोटरच लावत नाही. उलटं झालं असतं, म्हणजे थ्री फेजच्या पॅनेलमध्ये सिंगलचा प्रोग्राम, तर मोटर छान चालू झाली असती, आणि ज्या रात्री एक फेज गेली असती त्या रात्री ती दोन फेजवर घुमत जळाली असती. आणि आमच्याकडे नोंद असती: पास.

दुसऱ्याच दिवशी प्रोग्राम बदलला. चालू होताना तो स्वतःच मोजतो की मोजणीच्या माळा एक आहेत की तीन. प्रोग्रामशी जुळलं नाही तर रिले धरत नाही आणि डिस्प्लेवर 'चुकीचा प्रोग्राम' असं लिहितो. त्याआधी झालेल्या ४६ पॅनेलना टेक्निशियन परत भेटला नाही. त्यांच्या मालकांना फोन करून डिस्प्लेवरची पहिली ओळ वाचून दाखवायला सांगितली. तीन फेज की एक, ते तिथे येतं. दोघांनी फोन उचलला नाही, म्हणून त्या दोन ठिकाणी तो गेला. दोन्ही बरोबर निघाली.

शेवटचा हिशोब

जुनी ३१ सगळी झाली. ८१ पैकी ७८ शेतात झाली. तीन बोर्ड शेडला आणावे लागले: एकाचा पॅड कपॅसिटर उचलताना उखडला, एकात मुंग्यांनी घर केलं होतं, आणि एका चिपमध्ये भरलेलं परत वाचताना दर वेळी वेगळ्या जागी फरक येत होता. ती चिप बदलली.

पुढच्या बॅचच्या बोर्डावर सहा पिनांचा हेडर आला. एमसीएलआरच्या पायाला आता फक्त पुलअप आणि टूलची तार; कपॅसिटर जंपरच्या पलीकडे गेला, प्रोग्राम टाकताना जंपर काढायचा. सिंगल फेजच्या बोर्डावर व्होल्टेज मोजायला छोटा ट्रान्सफॉर्मर लावला, मालकांच्या नाकावर टिच्चून. सेकंदांचा काटा बत्तीस बिटांचा केला. त्यात १३६ वर्षं मावतात, तरी मेनू २४ तासांच्या वर घेत नाही, आणि आता तपासणीत एक पॅनेल पूर्ण २४ तास चालू ठेवतो.

पिशवी शेडमध्ये खिळ्याला टांगलेली आहे. बॅटरी महिन्यातून एकदा चार्ज करायची असते, ते आम्ही विसरतो. लाल ठिपक्याचं कार्ड मागच्या दिवाळीत टेक्निशियननं मोबाईलमध्ये घातलं होतं. त्यावर आता त्याच्या मुलीचे फोटो आहेत आणि एका फोल्डरमध्ये आमचा प्रोग्राम.